गाण्यांनी बांधलेली वास्तू : फिस्क ज्युबिली सिंगर्सचे परदेश दौरे

फिस्क ज्युबिली सिंगर्स हा अमेरिकेतील नॅशव्हिल शहरातल्या फिस्क विद्यापीठाचा विद्यार्थी गायकवृंद. ऑक्टोबर १८७१ मध्ये या शाळेतले नऊ विद्यार्थी आपल्या शिक्षकांबरोबर गाण्याचे कार्यक्रम करत गावोगाव निघाले. शाळा कर्जात बुडाली होती आणि ती वाचवायला पैसे हवे होते, एवढाच तेव्हा हेतू होता. बहुतेक जण गुलामगिरीत जन्मलेले, वयाने चौदा ते पंचविशीच्या आसपासचे. दीड वर्षाने हाच वृंद लंडनमध्ये राणी व्हिक्टोरियासमोर गात होता आणि १८७८ पर्यंत त्याने शाळेसाठी सुमारे दीड लाख डॉलर उभे केले होते. विद्यार्थ्यांच्या वृंदांचे परदेश दौरे आज नित्याचे झाले आहेत. मात्र ज्या गाण्यांची गाणाऱ्यांनाच लाज वाटावी अशी परिस्थिती होती, तीच गाणी मान ताठ ठेवून जगापुढे मांडणारा दौरा म्हणून फिस्कच्या मुलांच्या या प्रवासाला तोड नाही.

शाळेची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १८६५ मध्ये अमेरिकन यादवी युद्ध संपले, गुलामगिरी कायद्याने बंद झाली आणि लाखो माणसे अक्षरओळखीसाठी आसुसली. अमेरिकन मिशनरी असोसिएशनने जानेवारी १८६६ मध्ये नॅशव्हिलमध्ये लष्करी इस्पितळाच्या जुन्या लाकडी बराकींत शाळा उघडली. जागा मिळवून देणारे जनरल क्लिंटन फिस्क यांचे नाव तिला मिळाले. गुलामांच्या बाजारात पडून असलेल्या गंजक्या बेड्या आणि साखळ्या भंगारात विकून आलेल्या पैशांतून मुलांसाठी पुस्तके घेतली गेली. १८७१ पर्यंत बराकी कुजल्या होत्या, थंडीवारा आत शिरत होता, मुले आजारी पडत होती आणि सावकार दाराशी उभे होते.

व्हाइट मास्तर आणि एला

शाळेचे खजिनदार जॉर्ज व्हाइट हेच संगीताचे शिक्षकही होते. ते न्यूयॉर्क राज्यातल्या एका लोहाराचे चिरंजीव, यादवी युद्धात लढलेले गोरे गृहस्थ. संगीताचे रीतसर शिक्षण त्यांना फारसे नव्हते. कान मात्र विलक्षण होता. पैशाची नड भागवायला वृंद घेऊन बाहेर पडावे, ही कल्पना त्यांचीच. मिशनच्या वरिष्ठांना ती मुळीच पसंत नव्हती. मुलांच्या पालकांनाही धास्ती वाटत होती.

व्हाइट यांचा उजवा हात होती एला शेपर्ड. तिचा जन्म १८५१ मध्ये नॅशव्हिलजवळ गुलामगिरीत झाला. तिच्या आईच्या मनात एकदा लेकीसह कंबरलँड नदीत जीव द्यायचे आले होते. वाटेत एका वृद्ध गुलाम स्त्रीने तिला अडवले आणि या मुलीच्या हातून मोठे काम व्हायचे आहे असे सांगून माघारी धाडले, ही हकिगत एलानेच पुढे लिहून ठेवली आहे. वडिलांनी आधी स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतले होते. नंतर ३५० डॉलर मोजून एलाला सोडवले. आई मात्र मालकाकडेच राहिली. पुढे सिनसिनाटीत एलाला संगीत शिकवायला एक गोऱ्या शिक्षिका तयार झाल्या, पण मागच्या दाराने, रात्री आणि गुपचूप यायचे या अटीवर. वडील गेले, घरदार कर्जात गेले, आणि १८६८ मध्ये ती सहा डॉलर घेऊन फिस्कमध्ये दाखल झाली. तेवढ्यात तीन आठवड्यांचीच फी भागत होती. थोड्याच काळात ती तिथे संगीत शिकवू लागली. फिस्कच्या शिक्षकवर्गातली ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. पियानोची साथ, तालमी, आवाजांची जुळणी आणि पुढे व्हाइट आजारी पडल्यावर सगळा वृंद, हे सारे तिने सांभाळले. या वृंदाच्या इतिहासात व्हाइट यांचे नाव नेहमी आधी येते. एलाचे नाव त्यांच्या बरोबरीने यायला हवे.

इतरांच्या कहाण्याही अशाच. टॉमस रटलिंगची सर्वांत जुनी आठवण आईला विकून नेल्याची होती. बेंजामिन होम्स शिंप्याच्या हाताखाली राबता राबता दुकानांच्या पाट्यांवरून अक्षरे शिकला; चार्ल्स्टनच्या गुलामांच्या तुरुंगात त्याने लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा सोबत्यांना मोठ्याने वाचून दाखवला. मिनी टेट तर जेमतेम चौदा वर्षांची. मॅगी पोर्टर, जेनी जॅक्सन, एलायझा वॉकर, आयझॅक डिकरसन आणि ग्रीन एव्हान्स हे उरलेले पाच.

झाकून ठेवलेली गाणी

सुरुवातीच्या कार्यक्रमांत गोऱ्या समाजात रूढ असलेली समूहगीते, भावगीते आणि कँटाटा नावाच्या दीर्घ गायनरचनांचे भाग असत. गुलामांची भक्तिगीते, म्हणजे ज्यांना स्पिरिच्युअल्स म्हणतात ती, मुले लोकांपुढे गायला तयार नव्हती. ही गाणी त्यांच्या आईबापांच्या प्रार्थनेतली होती. पवित्र होती आणि त्याच वेळी नको असलेल्या भूतकाळाशी बांधलेलीही होती. व्हाइट यांच्या घरी खिडक्या-दारे लावून मुले ती हळू आवाजात म्हणत, एखादे विसरलेले कडवे आठवून देत आणि एला ते जुळवून घेई. असे करत करत या गाण्यांचा मोठा साठा जमला.

मुलांच्या संकोचाला आणखी एक ठोस कारण होते. त्या काळी अमेरिकेत गोरे नट तोंडाला काजळी फासून कृष्णवर्णीयांची थट्टा करणारे गाण्या-नाचण्याचे तमाशे करत आणि ते अफाट लोकप्रिय होते. गुलामांची गाणी म्हटली की प्रेक्षकांना तेच आठवायचे. न्यू जर्सीतल्या नेवार्क शहरात एका खानावळवाल्याने या वृंदाला असाच तमाशा समजून खोल्या दिल्या. रंग खरा आहे हे कळताच त्याने सगळ्यांना बाहेर काढले. खोट्या काळ्यांना जागा होती, खऱ्यांना नव्हती.

दौरा सुरू झाला ६ ऑक्टोबर १८७१ रोजी. दोनच दिवसांत शिकागोला प्रचंड आग लागली. ओहायोतल्या चिलिकोथी गावच्या कार्यक्रमात मिळालेली पन्नासहून कमी डॉलरची सगळी रक्कम मुलांनी आगग्रस्तांना देऊन टाकली. त्या वेळी त्यांच्या स्वतःच्या अंगावर पुरेसे गरम कपडेही नव्हते. पुढे कोलंबस शहरात व्हाइट यांनी वृंदाचे नाव ठेवले ज्युबिली सिंगर्स. बायबलच्या जुन्या करारात दर पन्नासावे वर्ष गुलामांच्या सुटकेचे, ज्युबिलीचे सांगितले आहे. त्यावरून हे नाव आले.

नशीब फिरले ते नोव्हेंबरात, ओबर्लिन येथे. चर्चच्या राष्ट्रीय परिषदेसाठी जमलेले प्रतिनिधी आपसांत बोलत बसले होते. वृंदाने कुठलीही प्रस्तावना न करता ‘स्टील अवे’ हे गुलामांचे गीत अगदी हलक्या आवाजात सुरू केले. सभागृह शांत झाले आणि गाणे संपल्यावर देणग्यांचा ओघ लागला. त्या डिसेंबरात ब्रुकलिनच्या प्लिमथ चर्चमध्ये तिथले पाद्री हेन्री वॉर्ड बीचर यांनी त्यांना बोलावले. वृत्तपत्रांतून टवाळी झाली, पण न्यूयॉर्क परिसरात तिकिटे हातोहात खपू लागली. मार्च १८७२ मध्ये मुले व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्यासमोर गायली. पहिल्या मोहिमेअखेर वीस हजार डॉलर नॅशव्हिलला पोहोचले. या यशात झाकून ठेवलेली गाणी हळूहळू कार्यक्रमाच्या मध्यभागी आली आणि बाकीची मागे पडली. श्रोत्यांनी ती मागितली हे खरे. पण ती कशी गायची, हे मुलांनीच ठरवले. हावभाव नाहीत, नाच नाही, विनोद नाही. साध्या, नीटनेटक्या पोशाखात उभे राहायचे आणि गायचे.

गायकी

ही गायकी हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे.

व्हाइट यांच्या तालमीचा सगळा भर मृदू स्वरावर होता. दातांच्या दोन ओळींत बोट मावेल इतके तोंड उघडायचे, आवाज फेकायचा नाही, शेजारच्याचा स्वर ऐकत आपला स्वर त्यात मिसळायचा. एकही आवाज वेगळा उठून दिसता कामा नये. त्यातून अतिसूक्ष्म आवाजातही शब्द स्पष्ट पोहोचवण्याची ताकद वृंदात आली. मोठ्या आवाजाला सरावलेल्या श्रोत्यांना या हळुवारपणाचेच सर्वांत जास्त नवल वाटले. बर्लिनच्या संगीत समीक्षकांनीही पुढे त्याचीच तारीफ केली. स्पिरिच्युअल्स बहुधा पियानोशिवाय गायली जात.

१८७२ मध्ये थिओडोर सुअर्ड या संगीतज्ञाने ही गाणी मुलांच्या तोंडून ऐकून नोटेशनमध्ये उतरवली आणि त्यांचे पुस्तक निघाले. प्रस्तावनेत त्याने एक मार्मिक निरीक्षण नोंदवले: संग्रहातल्या निम्म्याहून अधिक चालींत सप्तकातला चौथा आणि सातवा स्वर नाही, आणि स्कॉटलंडच्या लोकसंगीताची स्वररचनाही अशीच आहे. मराठी वाचकाला हे लगेच ओळखीचे वाटेल. मध्यम आणि निषाद वगळले की उरतात सा, रे, ग, प, ध, म्हणजे आपल्या भूपाचे पाच स्वर. राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत. चलन, न्यास, वादी-संवादी यांनी तो घडतो, आणि त्या अर्थाने ही गाणी भूप नव्हेत. तरीही भूप कानात मुरलेल्या माणसाला यांतल्या कित्येक चाली पहिल्या ऐकण्यातच आपल्याशा वाटतात. सुअर्डने लयीबद्दलही लिहिले आहे. पाय आपटत आणि अंग डोलवत गाणाऱ्या समाजातून ही गाणी आली असल्याने तीन मात्रांचा ठेका त्यांत क्वचितच आढळतो आणि ताल काटेकोर असतो. एक जण ओळ टाकतो आणि बाकीचे ती उचलून धरतात, ही रचना तर भजनात वाढलेल्या कानाला वेगळी समजावून सांगायलाच नको.

प्रत्येक गाण्याला स्वतःचा प्रवास आहे. ‘स्विंग लो, स्वीट चॅरियट’ हे आज जगभर ठाऊक असलेले गीत वॉलेस विलिस या चोक्टॉ जमातीच्या मुलखात गुलाम असलेल्या माणसाचे मानले जाते. तिथल्या शाळेतल्या अलेक्झांडर रीड या पाद्र्याने ते ऐकले होते आणि त्यानेच ते ज्युबिली सिंगर्सना शिकवले. हेच गीत १९८८ पासून इंग्लंडच्या रग्बी संघाचे पाठीराखे मैदानात गातात. गाणाऱ्या हजारोंना त्याचा उगम ठाऊक असावा, एवढी अपेक्षा रास्त आहे.

१८७३ : इंग्लंड

इंग्लंडला जायचे ठरले तेव्हा पहिली अडचण आली ती जहाजाची. एकामागून एक जहाज कंपन्यांनी कृष्णवर्णीयांना केबिनची तिकिटे नाकारली. अखेर क्युनार्ड कंपनीच्या ‘बटाव्हिया’वर जागा मिळाली आणि एप्रिल १८७३ मध्ये वृंद बॉस्टनहून निघाला.

लंडनमध्ये अर्ल ऑफ शाफ्ट्सबरी यांनी पाठबळ दिले. ६ मे रोजी विलिस रूम्समध्ये निमंत्रितांसमोर पहिला कार्यक्रम झाला आणि दुसऱ्याच दिवशी ड्यूक ऑफ अर्गाइल यांच्या घरी बोलावणे आले. तिथे राणी व्हिक्टोरिया आली. मुलांनी ‘स्टील अवे’ म्हटले, प्रभूची प्रार्थना गायली, इजिप्तच्या फॅरोला गुलाम सोडायला सांगणारे ‘गो डाउन, मोझेस’ही ऐकवले. हे खरेखुरे अमेरिकेतले कृष्णवर्णीय असून पूर्वी गुलाम होते आणि एकत्र फार छान गातात, अशी नोंद राणीने रोजनिशीत केली. मॅगी पोर्टरची आठवण मात्र वेगळी आहे: मुकुट नाही, राजवस्त्रे नाहीत, साध्या पोशाखातली एक विधवा बाई समोर पाहून तिची घोर निराशा झाली होती. या एका आठवणीत त्या दौऱ्यातले कोवळे वय जसे दिसते तसे कुठल्याही अहवालात दिसत नाही.

पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी मुलांना घरी न्याहारीला बोलावले, उमरावांच्या पंक्तीला बसवले. हजर असलेले पाद्री न्यूमन हॉल यांनी ती हकिगत अमेरिकेतल्या एका साप्ताहिकाला मुद्दाम लिहून पाठवली. ज्या देशात या मुलांना खानावळीतून उठवले जात होते, तिथल्या वाचकांनी ती वाचावी हाच त्यामागचा उद्देश. धर्मोपदेशक स्पर्जन यांच्या मेट्रोपॉलिटन टॅबरनॅकल या चर्चमध्ये हजारोंचा समुदाय लोटला. वृंद लंडनला पोहोचण्याआधीच लेखक मार्क ट्वेनने अमेरिकेहून त्यांची शिफारस करणारे पत्र लिहिले होते. लहानपणी त्याने ही गाणी खऱ्या गुलामांच्या तोंडून ऐकली होती, म्हणून त्याच्या शब्दाला वजन होते. इंग्लंडच्या गिरणगावांत, स्कॉटलंडमध्ये, रविवारच्या शाळांत, इस्पितळांत आणि तुरुंगांतही वृंद गायला. स्कॉटलंडच्या श्रोत्यांना आपल्याच लोकगीतांच्या स्वरांत अनोळखी माणसांचे दुःख ऐकायला मिळाले. तिथे त्यांचे झालेले स्वागत पाहता सुअर्डचे निरीक्षण केवळ कागदी नव्हते असे म्हणावे लागेल.

याच १८७३ मध्ये पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना जोतीरावांनी ते अर्पण केले आणि आपल्या देशबांधवांनी शूद्र बंधूंच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा अशी आशा व्यक्त केली. सत्यशोधक समाजाची स्थापनाही त्याच वर्षी २४ सप्टेंबरला झाली. पुण्यातल्या या घटनांचा लंडनमधल्या मैफलींशी थेट संबंध नव्हता. पण मुक्ती कायद्याने मिळाली तरी ती शिक्षणावाचून टिकत नाही, हे जोतीराव आणि सावित्रीबाई जे सांगत होते, त्याच शिक्षणासाठी ही मुले परमुलखात गात फिरत होती. मराठी वाचकाने हा वृंद आपला मानावा यासाठी एवढे नाते पुरेसे आहे.

या दौऱ्याची किंमतही मोठी होती. दिवसामागून दिवस प्रवास, थंडी, धुके आणि रोजचे गाणे यांनी मुलांच्या छातीचे दुखणे बळावले. फेब्रुवारी १८७४ मध्ये व्हाइट यांच्या पत्नी लॉरा ग्लासगोत विषमज्वराने वारल्या आणि खुद्द व्हाइट अंथरुणाला खिळले. एलाने दौरा पुरा केला. मे १८७४ मध्ये वृंद परतला तो सुमारे पन्नास हजार डॉलर घेऊन. बेंजामिन होम्स पुढे लवकरच क्षयाने गेला. शाळा वाचवण्यासाठी निघालेल्या बहुतेक मुलांचे स्वतःचे शिक्षण मात्र अर्धेच राहिले. पैशाचा आकडा सांगताना हा हिशेबही सांगितलाच पाहिजे.

हॉलंड, जर्मनी आणि पुढे

१८७५ ते १८७८ या काळात वृंद पुन्हा युरोपात होता. या खेपेला भारदस्त खर्जाचा फ्रेडरिक लाऊडिन त्यात आला. ओहायोत स्वतंत्र घरात जन्मलेला हा गायक. कातडीच्या रंगामुळे एका चर्चने त्याला आपल्या वृंदात घेतले नव्हते. हॉलंड आणि जर्मनीत श्रोत्यांना गाण्याची भाषा कळत नव्हती. तरीही बर्लिनच्या कॅथीड्रलमध्ये गाण्याचा मान वृंदाला मिळाला आणि पॉट्सडॅमच्या राजवाड्यात तो राजकुटुंबापुढे गायला. भाषेवाचूनही गाणे पोहोचते याची ती खरी परीक्षा होती. १८७८ मध्ये थकलेला, आपसांत कुरबुरी वाढलेला वृंद हँबुर्गमध्ये विसर्जित झाला.

लाऊडिनने स्वतःच्या जबाबदारीवर नवा वृंद उभा केला आणि १८८४ ते १८९० अशी सहा वर्षे जगभर फिरवला. १८८६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मलोगा मिशनवर त्यांनी तिथल्या मूलनिवासींपुढे गाणी म्हटली. फॅरोच्या सैन्याच्या पराभवाचे एक गीत तिथल्या यॉर्टा यॉर्टा भाषेत उतरले. ते आजही त्या समाजात गायले जाते आणि २०१२ च्या ‘द सफायर्स’ या चित्रपटातही आहे. एका खंडातल्या गुलामांचे गाणे दुसऱ्या खंडातल्या भूमी हिरावलेल्या माणसांनी आपले केले, याहून मोठी दाद कुठल्या दौऱ्याला मिळाली असेल? परतीच्या वाटेवर हा वृंद हिंदुस्थानातही आला. आग्र्याच्या ताजमहालात गाणी म्हटल्याचा वृत्तांत लाऊडिनने लिहून ठेवला आहे.

वास्तू आणि वारसा

मिळालेल्या पैशांतून नॅशव्हिलच्या एका जुन्या किल्ल्याच्या जागेवर ज्युबिली हॉल उभा राहिला. १ जानेवारी १८७६ रोजी त्याचे समर्पण झाले. दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणासाठी बांधलेली ही पहिली कायमस्वरूपी इमारत. गॉथिक धाटणीची, उंच मनोऱ्याची. १८७३ मध्ये लंडनला एडमंड हॅवेल यांनी रंगवलेले वृंदाचे भव्य तैलचित्र तिथेच आहे. विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस याच विद्यापीठात शिकले. १९०३ च्या ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’मध्ये त्यांनी या गाण्यांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि ज्युबिली हॉल आपल्याला गाण्यांचाच बनलेला भासे, असे सांगितले.

वृंद आजही आहे. ६ ऑक्टोबर हा ज्युबिली दिन म्हणून विद्यापीठात पाळला जातो. २००७ मध्ये घानाच्या स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवासाठी विद्यार्थी तिथे गाऊन आले. २००८ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय कलापदक आणि २०२१ मध्ये ग्रॅमी पुरस्कार वृंदाला मिळाला.

एला शेपर्डने आपल्या ताटातूट झालेल्या आईला शोधून काढले आणि नॅशव्हिलला घरी आणले. १९१४ मध्ये एला वारली. तिच्या वृंदाचा आवाज ध्वनिमुद्रित झाला नाही. सर्वांत जुने उपलब्ध मुद्रण १९०९ चे, फिस्कच्याच चार पुरुष गायकांचे ‘स्विंग लो, स्वीट चॅरियट’. ते आज इंटरनेटवर सहज ऐकता येते. वाचकांनी ते अवश्य ऐकावे आणि पाठोपाठ आजच्या वृंदाचेही गाणे ऐकावे. या मुलांनी जग का जिंकले, हे वाचून अर्धेच कळते.